दंतधातूपुढचा ढोल कोण वाजवतो?

येत्या हिवाळ्यात आमच्या भातकुलीहून श्रीलंकेला दुसरी सहल निघते आहे. विहारात यादी लागली, ॲडव्हान्स भरणंही सुरू झालं. कंपनी मागचीच आणि कार्यक्रमही मागचाच: सात दिवस, अनुराधपूर, मिहिंतले, पोलोन्नरुवा, कँडी, नुवारा एलिया, शेवटी कोलंबोत खरेदी. मागच्या सहलीत मी होतो. म्हणून यादीत आणखी नावं चढण्याआधी काही गोष्टी बोलणं मला भाग आहे. काहींना त्या लागतील. लागू द्या.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी जाण्याच्या विरोधात नाही. आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात की माणशी साठ हजारांवर घालवण्यापेक्षा तो पैसा अभ्यासिकेला द्या. मला हे पटत नाही. अमरावतीच्या कॅम्पातून लोक दरवर्षी युरोप बघून येतात, त्यांना कोणी अभ्यासिकेचा हिशेब विचारत नाही. आपल्या बाईनं तुरीच्या पैशातून आणि भिशीतून विमानाचं तिकीट काढलं की लगेच चळवळीची आठवण का होते? ज्यांच्या आजोबांना गावाच्या रस्त्यावरून मोकळेपणी चालता येत नव्हतं, त्यांच्या नातवंडांनी समुद्र ओलांडून अनुराधपूर बघावं, यात मला अभिमानच वाटतो. वाद जाण्याचा नाही. तिथे आपल्याला काय दाखवतात, काय झाकतात, आणि आपण ते मुकाट्यानं कसं मान्य करतो, हा वाद आहे.

भातकुलीच्या माणसाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या गावात जैन मंदिर आहे, लांबलांबून यात्रेकरूंच्या गाड्या येतात. दर्शन, जेवण, फोटो, आणि गाडी परतीला. भातकुली खारपाणपट्ट्यात आहे, इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असतं? त्यांचा दोष नाही. त्यांच्या कार्यक्रमात ते नसतं. आम्ही लहानपणापासून त्या गाड्या बाहेरून पाहत आलो. श्रीलंकेत आम्ही गाडीच्या आत होतो, एवढाच फरक. आत बसलं की काचेतून जेवढं दिसतं, तेवढाच देश वाटायला लागतो.

आता बाबासाहेबांकडे येतो, कारण सहलीच्या पत्रकावर त्यांचा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे की त्यांच्या पावलांवरून चला. बाबासाहेब १९५० च्या मे महिन्यात माईसाहेबांसह श्रीलंकेत गेले होते. जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची पहिली परिषद तेव्हा कँडीत भरली होती, प्रा. मलालसेकर तिचे प्रमुख होते. पण बाबासाहेब तिथे फुलं वाहून परत आले नाहीत. आपण बौद्धांचे विधी, संस्कार पाहायला आलो आहोत आणि बुद्धाचा धम्म इथे कितपत जिवंत आहे हे तपासायला आलो आहोत, असा हेतू त्यांनी उघड सांगितला होता. कोलंबोत बोलताना त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना धम्म स्वीकारायला सांगितलं, आणि तिथल्या बौद्धांना बजावलं की या लोकांना जवळ घ्या, त्यांची काळजी वाहा. म्हणजे बौद्ध राष्ट्रात जाऊन ते अस्पृश्यांविषयी बोलले. त्याच मे महिन्यात महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांचा 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' हा लेख आला. त्यात तेव्हाच्या भिक्खुसंघाला त्यांनी सोडलेलं नाही: संख्या मोठी, पण विद्या नाही आणि सेवाही नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पावलांवरून चालायचं असेल तर ही ती पावलं आहेत.

आमच्या सहलीत काय झालं ते ऐका.

अनुराधपुरात गाईडनं हातातली झेंडी वर धरली आणि आम्ही तिच्यामागे. बोधिवृक्षापुढे आमच्या बाया रडल्या, मीही रडलो, त्याबद्दल मला लाज नाही. संघमित्रेनं आणलेल्या फांदीचा तो वृक्ष, तिथे त्रिशरण म्हणताना गळा दाटतोच. पण गाईडनं संघमित्रेचं नाव घेऊन पुढे काय सांगितलं? काही नाही. तिनं तिथे भिक्खुणीसंघ उभा केला होता. तो अकराव्या शतकाच्या सुमारास संपला. पुढे जवळपास हजार वर्षांनी, १९९० च्या दशकात काही श्रीलंकन स्त्रियांनी आधी भारतात येऊन, मग तिथल्या दंबुल्लात उपसंपदा घेतली आणि तो पुन्हा सुरू केला. तिथल्या निकायांच्या प्रमुख भिक्खूंनी त्यांना मान्यता दिलेली नाही. दंबुल्लाच्या लेण्यांत आम्ही दीड तास होतो. या भिक्खुणींबद्दल एक वाक्य नाही. आमच्या गटात निम्म्याहून जास्त बाया होत्या, विहारातली झाडझूड आणि वंदना त्यांच्याच बळावर चालते. त्यांना ही गोष्ट सांगायला नको होती?

आणि बोधिवृक्षापाशी दुसरीही गोष्ट आठवायला हवी होती. ज्या झाडाची ही फांदी, त्या बुद्धगयेच्या महाविहाराचा कारभार आजही १९४९ च्या कायद्यानं चालतो आणि त्या समितीत बौद्धांच्या बरोबरीनं हिंदू सदस्य बसतात. त्या विहारासाठी आधी लढला तो याच बेटावरचा माणूस, अनागारिक धर्मपाल. १८९१ मध्ये त्यांनी महाबोधी सोसायटी काढली. फांदीपुढे रडायचं आणि मूळ झाडाच्या प्रश्नावर गप्प बसायचं, हे मला जमत नाही.

मग रुवनवेलिसाय. पांढराशुभ्र प्रचंड स्तूप. दुट्ठगामणी राजानं बांधला, हे सांगितलं गेलं. एळार या तमिळ राजाला मारून त्यानं राज्य मिळवलं, हेही सांगितलं गेलं, तेही मोठ्या अभिमानानं. 'महावंसा'त यापुढची जी हकीकत आहे, ती मात्र सांगितली गेली नाही. युद्धात मेलेल्यांच्या विचारानं राजाला चैन पडेना, तेव्हा भिक्खूंनी येऊन त्याचं समाधान केलं: खऱ्या अर्थानं दीडच माणूस मेला, एकानं त्रिशरण घेतलेलं, दुसऱ्यानं पंचशील घेतलेलं, बाकीचे सगळे पशूंच्या बरोबरीचे, त्यांची गणतीच नको. मित्रांनो, हे बुद्धाचं बोलणं आहे का? माणसाला पशूच्या ओळीत बसवणारं बोलणं आपण ओळखतो. ते चीवर घालून आलं म्हणून वेगळं होत नाही. या देशात पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं युद्ध चाललं. जाफना आपल्या कार्यक्रमात नाही. का नाही, विचारा. मला उत्तर मिळालं, "वहाँ देखने का कुछ नहीं है." जाफन्याजवळ माविट्टपुरमचं मंदिर आहे. १९६८ मध्ये तिथे अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीसाठी जो लढा उभा राहिला आणि ज्यासाठी बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले, त्याचाच हा समुद्रापलीकडचा भाऊ. अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला याहून जवळचं ठिकाण त्या बेटावर कोणतं?

पोलोन्नरुवात मी खूश होतो हे कबूल करतो. गल विहारातला पहुडलेला बुद्ध पाहून बोलणं बंद होतं. पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते पराक्रम समुद्रानं. नाव समुद्र, पण आहे तलाव, बाराव्या शतकात पराक्रमबाहूनं बांधून घेतलेला, आणि आजही त्यावर भातशेती होते. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. आमच्याकडे जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून सगळी भिस्त पावसाच्या आणि शेततळ्याच्या पाण्यावर. आमच्यातला एक शेतकरी बांधावर उभा राहून सांडवा कुठे, पाट कुठे, गाळ कोण काढतो असं विचारायला लागला. गाईडनं घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं मिळाली. दुसऱ्या दिवशी मातलेच्या मसाल्याच्या बागेत आणि कँडीच्या रत्नांच्या दुकानात मिळून जवळपास तीन तास गेले. या दुकानांतून कुणाला काय मिळतं ते मी सांगायला नको. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या पाण्याचं काम पाहिलं होतं. त्यांच्या अनुयायांना तलावापाशी दहा मिनिटं आणि नीलमण्यांपाशी दीड तास!

त्याच पोलोन्नरुवात निश्शंकमल्ल राजाचे शिलालेख आहेत. एक तर एवढा मोठा दगड, की त्याचं वजन सांगूनच गाईड लोकांना गार करतो. या राजाच्या लेखांत काय कोरलं आहे? शेतकरी गोवी जातीच्या माणसानं राजा होण्याची हाव धरू नये, कावळ्यानं हंसाची नक्कल करावी तसं ते होईल. बौद्ध राजा, बौद्ध राजधानी, आणि दगडावर जात. वजन सांगितलं गेलं. मजकूर नाही.

आता कँडी. ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहितो आहे तो इथला.

दलदा मालिगावात, म्हणजे दंतधातूच्या विहारात, संध्याकाळच्या पूजेला आम्ही उभे होतो. खाली ढोल सुरू झाले. कमरेला लाल-पांढरी वस्त्रं, उघडे अंग, घामानं भिजलेले वादक. आमच्यातल्या सत्तरीच्या एका मावशीनं मला कोपरानं ढोसलं.

"हे वाजवनारे कोनाचे लोक आहेत, विचार ना रे त्याले."

मी विचारलं. गाईड हसून म्हणाला, "ये उनका खानदानी काम है, माताजी. बाप के बाद बेटा."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्या सासऱ्यानं मेलेलं ढोर ओढनं सोडलं, तवा गावानं आमचं पानी बंद केलं होतं. तेही खानदानीच काम होतं म्हना." आणि जराशानं, "मंग आपन इथं काय पाहाले आलो?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचलं. ते वादक बेरवा जातीचे. सिंहली समाजात ही जात खालची धरतात. राजाची आणि विहाराची सेवा जातीवर वाटून दिलेली, त्या बदल्यात जमिनीचा तुकडा, आणि जमीन हवी तर सेवा सुटत नाही. राजाकरिता करायची सक्तीची सेवा इंग्रजांनी १८३३ मध्ये बंद केली, विहारांच्या जमिनीवरची सेवा मात्र पुढेही राहिली. वतनाची पद्धत ज्यांच्या घरात होऊन गेली, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाबासाहेब महारवतनाविरुद्ध का लढले, हे मावशीला पुस्तकाशिवाय कळलं होतं.

आणि वर पूजा करणारे भिक्खू? दंतधातूची जबाबदारी सियाम निकायाच्या मलवत्त आणि अस्गिरिय या दोन पीठांकडे आहे. हा निकाय १७५३ मध्ये सुरू झाला. बेटावर उपसंपदेची परंपरा तुटली होती, म्हणून राजा कीर्ती श्री राजसिंहाच्या काळात सियामहून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, भिक्खू बोलावले. त्यांच्या प्रमुखाचं नाव होतं उपाली. आपल्याला उपाली कोण हे सांगावं लागत नाही: शाक्यांचा न्हावी, ज्याला बुद्धानं राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावं लागेल. त्या उपालीचं नाव लावणाऱ्या भिक्खूकडून उपसंपदा घेतली, आणि काही वर्षांतच नियम झाला की या निकायात उपसंपदा फक्त गोविगम जातीच्या माणसाला. ही रीत आजही त्या पीठांत चालू आहे. आमच्या मूळच्या उपालीला कँडीत दारातून परत पाठवलं असतं.

हे निमूट सहन झालं असंही नाही, आणि मला अभिमान वाटतो तो या भागाचा. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीचे अंबगहपिटिये ज्ञानविमल हे श्रामणेर आपल्या साथीदारांना घेऊन ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, १८०० मध्ये तिथे उपसंपदा घेतली, आणि १८०३ मध्ये परत येऊन अमरपूर निकाय उभा केला. राजाचा नियम झुगारून, समुद्र ओलांडून, दुसऱ्या देशातून भिक्खूपद आणलं. आंबेडकरी माणसानं श्रीलंकेत जाऊन कुणाची गोष्ट ऐकायची, तर ही. आमच्या सात दिवसांत ज्ञानविमलांचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही.

काही मित्र मला म्हणाले, "बौद्ध देशाची अशी उणीदुणी काढून तू विरोधकांच्या हाती कोलीत देतोस." उलट आहे. जात म्हणजे ब्राह्मणांचंच काम, ब्राह्मण नसले की जात आपोआप गळून पडते, अशी एक सोपी समजूत आपल्यात पसरली आहे. श्रीलंकेत सिंहली समाजात ब्राह्मण जात नाही. वरची जात शेतकऱ्यांची. तरी जात आहे, विहारात आहे, उपसंपदेत आहे. मालिगावाच्या शेजारी विष्णूचं देवालय आहे, नाथ, कतरगाम आणि पत्तिनीचंही आहे, आणि पेराहेराच्या मिरवणुकीत दंतधातूसोबत ही देवालयंही निघतात. आमच्यातल्या दोघांनी विष्णूपुढे हात जोडले, बौद्ध विहाराच्या आवारात आहे म्हणून. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच त्यांना आठवली नाही. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धम्म दिला तो बावीस प्रतिज्ञांसह का दिला, हे कँडीच्या त्या आवारात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठे दिसणार नाही. प्रतिज्ञांशिवायचा बुद्ध जातीला चालतो. जात त्याला ढोल वाजवून मिरवते.

आणि हे सगळं बोलताना आपण कोण सोवळे लागून गेलो आहोत? कँडीहून नुवारा एलियाला चढणाऱ्या त्याच बसमध्ये, माझ्या मागच्या सीटवर, एका मुलीच्या स्थळाचं बोलणं चाललं होतं. मुलगा इंजिनिअर, घर अकोल्यात, सगळं पसंत. शेवटी आवाज बारीक करून विचारलं गेलं: "बावने की लाडवन?" बाहेर चहाचे मळे, गळ्यात पंचशीलाचे दुपट्टे, आणि सत्तर वर्षं होत आली तरी पोटजात शाबूत. गोविगमांना हसायचा अधिकार त्या बसमध्ये फार थोड्यांना होता. मातंग, चर्मकार घरांशी सोयरीक हा विषय तर निघालाच नाही.

ते चहाचे मळेही पाहा. कारखान्यात चहा पाजतात, मग विकतात. पाती खुडणाऱ्या बाया लांबून दिसतात, त्यांचे फोटो निघतात. त्या कोण? इंग्रजांनी तमिळनाडूतून नेलेले मजूर, त्यांत मोठा भाग अस्पृश्य जातींचा. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानं स्वतंत्र झालेल्या देशानं त्यांतल्या लाखोंना नागरिक मानायचंच नाकारलं. बाबासाहेब दोनच वर्षांनी तिथे पोचले होते. आम्ही त्यांच्या घरांच्या ओळींसमोरून बस न थांबवता गेलो, कारण पुढे 'अशोक वाटिका' होती.

होय, अशोक वाटिका. सीता एलियाचं सीता मंदिर, म्हणे इथे रावणानं सीतेला ठेवलं होतं. बौद्ध विहारात नोंदणी झालेल्या, बाबासाहेबांच्या फोटोखाली विकलेल्या सहलीत रामायणाचा फेरा फुकट जोडून दिला होता. आमच्या गटात असे दोन ज्येष्ठ होते जे १९८७-८८ मध्ये 'रिडल्स'च्या बाजूनं रस्त्यावर उतरले होते. रामाच्या कोड्यासाठी ज्यांनी मोर्चे काढले, ते रांगेत उभं राहून मारुतीच्या पावलाचा फोटो काढत होते. मी चिडलो तर म्हणाले, "पैशे भरले आहेत ना भाऊ, पाहून घेतो." हा 'पैसे भरले आहेत' नावाचा बुद्धीचा मारेकरी फार चिवट आहे.

कंपनीला मी फार दोष देत नाही. ती धंदा करते, जे खपतं ते विकते. नाशिकच्या गटाला, पुण्याच्या गटाला, आम्हाला, तीच बस आणि तोच गाईड, फक्त पत्रकावरचा फोटो बदलतो. दोष आमच्या विहार समितीचा आहे, आणि त्या समितीत मीही आहे. जेवणात तिखट हवं का, हॉटेलात लिफ्ट आहे का, यावर आम्ही दोन बैठका घेतल्या. कुठे जायचं यावर एकही नाही.

म्हणून या वेळी माझं म्हणणं एवढं आहे. सीता एलिया आणि रत्नांचं दुकान कार्यक्रमातून काढा, तो वेळ पराक्रम समुद्राला आणि मळ्यातल्या मजुरांच्या वस्तीला द्या. अमरपूर निकायाच्या एखाद्या विहारात अर्धा दिवस ठेवा, भिक्खूंशी बसून बोलू. दंबुल्लात भिक्खुणींना भेटू. जाफन्याला दोन दिवस लागत असतील तर सातचे नऊ करा, नाहीतर नुवारा एलिया सोडा. जाण्याआधी चार रविवार विहारात वाचन ठेवा. गाईडला प्रश्न विचारायचे तर आधी आपल्याला ते सुचायला हवेत. कंपनी नाही म्हणाली तर दुसरी बघू. वीस-बावीस तिकिटं एकदम घेणाऱ्याला या धंद्यात कोणी सहज सोडत नाही.

मावशींना मी विचारलं, पुन्हा येता का. म्हणाल्या, "त्या ढोलवाल्यासंगं बोलू देत असले तर येतो."

रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात बैठक आहे. ज्यांनी ॲडव्हान्स भरला आहे त्यांनी आणि ज्यांनी भरलेला नाही त्यांनीही यावं. येताना कंपनीनं दिलेलं पत्रक आणा, आणि पेन.

जय भीम.